मुसकं बांधलेलं घर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. तुम्ही मला पाहिलंत तर आधी हसाल. पाठ वर फुगलेली, बाजू आत दबलेल्या. एका टोकाला एक अस्वल मला पोटाशी घट्ट धरून बसलं आहे आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, नुसती खडबडीत तुटकी कड आहे. शिकलेल्या माणसांनी माझ्या जातीच्या दगडांचं नाव 'डुकराची पाठ' असं ठेवलं आहे. ज्याने ते ठेवलं तो फार विद्वान होता म्हणतात. असेल. त्याला डुक्कर दिसलं, घर दिसलं नाही.

मी घर आहे. नीट बघा. ही फुगलेली पाठ म्हणजे छप्पर. त्यावर लाकडी फळ्यांची कौलं एकेक करून कोरली आहेत, हात फिरवला तर अजून बोटाला लागतात. आमच्या लोकांची घरं अशीच असत, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती, पालथ्या घातलेल्या होडीसारखी. माणूस गेलं की त्याला थंडीवाऱ्यात उघड्यावर ठेवू नये, म्हणून पुरलेल्या जागेवर दगडाचं छोटं घर ठेवायची त्यांची रीत होती. त्यावर नाव लिहीत नसत. कोण कुठे झोपलं आहे हे सगळ्या गावाला ठाऊकच असतं, मग दगडाला कशाला त्रास, असं त्यांना वाटे.

माझ्याखाली कोण आहे हे जगाला सांगायचं, एवढं एकच काम मला दिलेलं होतं. ते काम माझ्या हातून कधी झालंच नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. कसं झालं नाही, ते मनातल्या मनात तुम्हाला सांगतो. तोंडाने सांगता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

स्वेल नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक खाण होती. तिथे मी जन्मलो. मला घडवणाऱ्याचं नाव टिल्रेड. तो मूळचा इकडचाच, इंग्रज. उत्तरेकडची माणसं, म्हणजे आमचे लोक, समुद्र ओलांडून आली, आधी लुटायला आणि मग नांगर धरून राहायला, त्याच्या आधीपासून त्याचं घराणं मठांसाठी दगडी क्रूस कोरत होतं. आता मठ जळाले होते, साधू पळाले होते, आणि टिल्रेडच्या पोटाला ही नवी माणसंच काम देत होती. त्यांची बोली त्याला अर्धीमुर्धी येई. पण आपल्याला ती उत्तम येते, असा त्याचा पक्का समज होता.

काम करताना दगडाशी बोलायची त्याला सवय होती. छिन्नी मारायची, फुंकर मारून धूळ उडवायची आणि बोलायचं. त्यामुळे माझ्या जन्माची हकीकत मला त्याच्याच तोंडून कळली.

"लोकरीच्या बाजारात भेटली होती बघ ती बाई," तो मला सांगे. "गुन्वोर म्हणून आहे. हातात लोकर, डोळे सुजलेले. म्हणाली, घर हवंय. म्हटलं, करतो. म्हणाली, दोन्ही टोकांना ब्योर्न बसव, घराला मिठी मारलेले. मी म्हटलं, ब्योर्न? तिने मान हलवली. आता ब्योर्न म्हणजे यांच्यात अस्वल, एवढं मला कळतं. आमच्या लोकांना साधूसंत लागतात, यांना अस्वलं. असू दे बाबा. मजुरीची मेंढी तिचीच. ज्याची मेंढी, त्याची मर्जी."

कोण गेलं आहे, हे त्याने तिला विचारलं नाही. बाजारात उभ्याउभ्या बाईमाणसाला असं विचारू नये, ही त्याच्या घरची शिकवण होती. अस्वलं मागते म्हणजे घरचा कुणी दांडगा पुरुष गेला असणार, असं त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं.

आता टिल्रेडने रानातलं अस्वल जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं होतं ते एकच, योर्विक शहराच्या बाजारात दोरीने बांधून नाचवत होते ते. त्याच्या तोंडाला चामड्याचं मुसकं होतं. टिल्रेडला वाटलं, अस्वल असतंच असं. म्हणून त्याने माझ्या दोन्ही टोकांना दोन अस्वलं कोरली, पुढच्या पंजांनी मला कवटाळून बसलेली, नाकाड माझ्या छपरात खुपसलेली, आणि दोघांच्याही तोंडावर पट्टा आवळलेला. पट्ट्याची वीणसुद्धा त्याने सोडली नाही. फार सुरेख काम होतं. मग त्याने छप्पर तांबड्या रंगाने रंगवलं, भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या आणि अस्वलं काजळीने काळीभोर. मला माझा फार अभिमान वाटला. दगडाला अभिमान किती लवकर वाटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बैलांच्या घसरगाडीवर पेंढ्यात गुंडाळून मला गावी नेलं. लाकडी चर्चच्या अंगणात, दक्षिणेच्या बाजूला मातीचा एक ताजा उंचवटा होता. त्याच्याभोवती सगळं गाव जमलं होतं. गुन्वोर घाईघाईने आली. ती चीज बनवत असावी, कारण तिचे हात कोपरापर्यंत दुधाच्या निवळीने ओले होते. तिच्या मागून तिचा नवरा ग्रिम आला, हात पाठीमागे बांधून.

टिल्रेडने ऐटीत पेंढा बाजूला केला.

"बघा बाई. मनासारखं झालंय का?"

गुन्वोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. मग तिने विचारलं, "ही कोण?"

"ही म्हणजे?"

"ही टोकाला बसलीयत ती."

"अस्वलं की! तुम्हीच सांगितलंत. ब्योर्न."

"मी ब्योर्न म्हणाले?"

"अहो, म्हणजे काय! मी परत विचारलं तर मान हलवलीत."

गर्दीत मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्याने गुन्वोरचा बांध फुटला.

"बोर्न म्हणाले मी! बोर्न! पोरं! माझी पोरं! ओर्म या अंगाला आणि आसा त्या अंगाला, दोघांनी घराला मिठी मारलेली, असं म्हणाले मी तुला! माझ्या लेकरांना अस्वल म्हणेन का रे, मेल्या?"

टिल्रेडच्या हातातला पेंढा खाली पडला. "पोरं?" तो पुटपुटला. "अहो बाई, मग बेअर्न म्हणायचं होतंत. आमच्यात पोराला बेअर्न म्हणतात."

"आमच्यात काय निराळं म्हणतात? बार्नच म्हणतात!"

"मग बार्न का नाही म्हणालात? मला लगेच कळलं असतं!"

"एक असलं की बार्न," गुन्वोर म्हणाली. तिचा आवाज एकदम बसला. "माझी दोन होती."

मित्रांनो, हे मी कितीदा मनात घोळवलं आहे, त्याला गणती नाही. तिच्या बोलीत एका मुलाला बार्न म्हणत. एकाहून जास्त झाली की त्याचंच बोर्न होई. एकच मूल गेलं असतं तर ती बार्न म्हणाली असती, टिल्रेडला आपल्या घरचाच शब्द ऐकू आला असता, आणि त्याने मूल कोरलं असतं. दोघं गेली म्हणून शब्द बदलला. दुःख दुप्पट होतं म्हणूनच ते त्याला कळलं नाही. यात चूक कुणाची म्हणायची? मला तर आजवर कुणाला दोष देता आलेला नाही, आणि दोष द्यायला कुणी नसलं की दुःख कुठे टाकावं तेच समजत नाही.

मुलं कशी गेली, तेही त्याच दिवशी कळलं. स्वेल नदी गोठली होती. गुरांच्या हाडांच्या पट्ट्या पायाला बांधून, हातात टोकदार काठी घेऊन बर्फावर घसरत जायचं, हा तिकडच्या मुलांचा हिवाळ्यातला खेळ. ओर्म त्यात पटाईत. आसा धाकटी, तिला भावाचं शेपूट म्हणत. जिथे तो, तिथे ती. चूल धुमसत होती म्हणून आईनेच त्यांना म्हटलं होतं, "धुरात काय बसलाय, जा, बाहेर खेळा." पाणचक्कीपाशी बर्फ पातळ होता. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. गुन्वोरनेही कधी सांगितलं नाही.

"असू दे गं," ग्रिम त्या दिवशी म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. "बरी आहेत की अस्वलं. पोरांना हात लावायची कुणाची छाती होणार नाही."

"आता राखण ठेवतोस?" गुन्वोर म्हणाली. "आता?"



टिल्रेड मान खाली घालून उभा होता. शेवटी म्हणाला, "मी बदलून देतो. नाकाडं छाटतो, चेहरे काढतो. अस्वलाच्या डोक्यात लेकराचं डोकं सहज बसतं. हा हिवाळा सरला की येतो."

आणि तो खरंच आला. वसंतात, कोकरं जन्मायच्या दिवसांत, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून. आल्याआल्या त्याने गुन्वोरला विचारलं, "धाकटीचं आधी घेतो. कशी होती दिसायला?"

गुन्वोर माझ्याशेजारी ओल्या गवतात बसली. "नाक माझ्यासारखंच, बसकं," ती म्हणाली. "आणि समोरचे दात पडले होते. ते दाखव. हसायची तेव्हा जीभ काढायची त्या खिंडीतून. मी ओरडायची, दात वाकडे येतील म्हणून."

"दात दाखवतो," टिल्रेड म्हणाला.

त्याने उजव्या टोकाच्या अस्वलाचं मुसकं तासायला घेतलं. पट्टा निघाला, तोंड मोकळं झालं. माझ्या अंगावर काटा येत होता. आता आणखी थोडं, आता नाक, मग गाल, मग ती दातांची खिंड, असं मी मोजत होतो. तेवढ्यात टिल्रेड थांबला. त्याने बोट ओलं करून अस्वलाच्या मानेवरून फिरवलं. मग हातोडीने हळूच टकटक केलं आणि कान लावला.

"आवाज बद्द येतोय," तो म्हणाला. "आत शीर आहे दगडाला. मानेतून आरपार गेलीय. आणखी घाव घातला तर डोकं निखळेल, बाई. हळूहळू करून बघतो म्हणा, पण खात्री देत नाही."

ग्रिम कुंपणापाशी उभा होता. "मार की," तो म्हणाला. "दगडच तर आहे."

गुन्वोरने अस्वलाच्या डोक्यावर आपला तळवा ठेवला. "नको," ती म्हणाली. "माझ्या पोरीला आता कुणी मारायचं नाही."

"मग त्या बाजूचं तरी करू? ओर्मचं? तिकडे शीर नाही."

गुन्वोरने त्या टोकाकडे पाहिलं. मग तिच्या ओठांवर काहीतरी हसण्यासारखं आलं. "त्याला माणूस करायचं आणि हिला अस्वल ठेवायचं? भांडून जीव घेईल ती त्याचा."

टिल्रेड हत्यारं गोळा करून निघून गेला. मेंढी परत करायला तो तयार होता, पण गुन्वोरने घेतली नाही. पुन्हा तो मला कधी दिसला नाही. त्याचं अर्धवट काम तेवढं माझ्या अंगावर राहिलं. आसाचं तोंड मोकळं, ओर्मचं मुसक्यात.

पण गुन्वोर हार मानणारी बाई नव्हती. दगड बोलत नाही, तर मी बोलेन, असं तिने ठरवलं. गुरं सोडून झाली की ती रोज यायची. डाव्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, ओर्म. उजव्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, आसा. ओटच्या भाकरीचा तुकडा दोघांच्या तोंडाशी ठेवायची. कावळे टपलेलेच असत, पण तिने त्यांना कधी हाकललं नाही. गावातल्या पोराबाळांनाही तिने ताकीद दिली होती, अस्वल म्हणायचं नाही, ओर्म म्हणायचं, आसा म्हणायचं. तिच्यासमोर सगळे तसं म्हणत. तिची पाठ वळली की बायका एकमेकींना म्हणत, "आली बघ अस्वलांची आई." मला ऐकू यायचं. तिलाही येत असणार.

पुढे ग्रिम कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर पश्चिमेला गेला आणि परतला नाही. त्याच्यावर घर ठेवायला त्याचा देहच आला नाही. गुन्वोर म्हातारी झाली, कमरेत वाकली, तरी येत राहिली. पावसाने माझा तांबडा रंग धुऊन नेला, चुना गेला, काजळी गेली. ती गेली तेव्हा तिला माझ्या शेजारीच पुरलं. तिच्यावर घर नव्हतं. कोण ठेवणार?

शेजारच्या घरातली हाल्ला आसाबरोबर खेळलेली होती. गुन्वोरच्या मागे ती अधूनमधून येऊ लागली. रोज नाही, पण येई. तिने आपल्या मुलांना सांगितलं, हा ओर्म आणि ही आसा. मुलांनी त्यांच्या मुलांना सांगितलं. पण नावं भांड्यातल्या पाण्यासारखी असतात, मित्रांनो, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना थोडी सांडतातच. काही काळाने मुलं भरभर म्हणू लागली, 'ओर्मासा, ओर्मासा'. दोन नावांचं एक झालं. मग ते अस्वलाचंच नाव झालं. मुलं माझ्या पाठीवर घोड्यासारखी बसत आणि टाचा मारत ओरडत, "चल रे ओर्मासा! पळ रे ओर्मासा!" मला वाईट वाटे आणि बरंही वाटे. निदान त्यांच्या तोंडात काहीतरी होतं. आणि मुलंच खेळत होती. खालच्या दोघांना ऐकू जात असेल, असं मी स्वतःला समजावत असे.

मग तेही थांबलं. कधी थांबलं ते कळलं नाही. एक दिवस असा आला की माझ्या पाठीवर बसलेल्या पोराने नुसतं "चल घोड्या" म्हटलं.

नवे मालक आले, नवी बोली आली. लाकडी चर्च पाडून दगडी बांधायचं ठरलं. पाया भरायला दगड कमी पडू लागले, तेव्हा गवंड्यांची नजर अंगणात फिरू लागली.

"हा घे की. चांगला लांबरुंद आहे."

"कुणाचा आहे?"

"कुणाचा असणार? विचारायला आलंय का कुणी?"

"टोकं आडवी येतायत रे. बसायचा नाही."

"मग तोड. एक तोडलंस तरी बसेल."

कुठलं तोडायचं, याचा त्यांनी विचारही केला नाही. हातोडावाला उजवीकडे उभा होता, म्हणून उजवं. ती शीर तिथेच होती, टिल्रेडने बोटाने दाखवलेली. एकाच घावात आसाचं डोकं पंजांसकट निखळलं आणि गवतावर गडगडत गेलं. गवंडी म्हणाला, "बघ, कसं अलगद आलं." पुढे ते कुणी उचललं, कुठे टाकलं, भिंतीच्या पोटात भरडून भरलं की काय, मला ठाऊक नाही. मला उताणं करून भिंतीच्या पायात घातलं आणि वर चुना ओतला. माझं छप्पर खाली आणि तळ वर. घर उलथं झालं.

किती पिढ्या मी तिथे होतो ते सांगता येत नाही. अंधारात काळ मोजायला काही नसतं. वरून आवाज झिरपत येत. लग्नं लागत, बारशी होत, मेलेल्यांसाठी प्रार्थना होत. मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जात. दर वेळी मी कान देऊन ऐकत असे. कोण कोण लोक, शेतकरी, लोहार, मालक, मालकिणी, बाळंतपणात गेलेल्या बायका, सगळ्यांची नावं घेतली जात. ही दोन कधीच आली नाहीत. येणार कुठून? ती ठाऊक असलेला एकच जीव उरला होता आणि तो भिंतीत गाडलेला होता, तोंडाला मुसकं बांधून.

शेवटी भिंतीला तडे गेले म्हणून ती उकलली, आणि मी उजेडात आलो. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो आठवला की आज माझीच मला कीव येते. मला वाटलं, आता विचारतील. आता शोधतील. ही सगळी माणसं शिकलेली आहेत.

चर्चचे पाद्रीबाबा आले, त्यांच्याबरोबर शहरातून एक जाडजूड गृहस्थ आले. त्यांनी ब्रशने माझ्यावरचा चुना झाडला, भिंग लावून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"अस्वल! वा, वा! आणि बांधलेलं! म्हणजे कळलं ना तुम्हाला?"

"नाही बुवा," पाद्रीबाबा म्हणाले.

"अहो, पराक्रम! अस्वलासारख्या शत्रूला ज्याने वेसण घातली, असा कुणीतरी मोठा योद्धा. सरदार असावा."

"आमच्या गावात सरदार?" पाद्रीबाबांना गुदगुल्या झाल्या. "वा! हे लोकांना सांगायलाच हवं."

माझ्यासमोर एक पाटी लागली, 'ही एका शूर सरदाराची समाधी असावी.' पुढे पाटी जुनी झाली म्हणून नवी केली, तेव्हा 'असावी'च्या जागी 'आहे' आलं. इतर दगडांवरची अस्वलं कशी आली असतील, मला माहीत नाही. त्यांच्या त्यांच्या कहाण्या असतील. मी माझ्यापुरतं सांगतो. माझ्याखाली सरदार नव्हता. समोरचे दात पडलेली एक मुलगी होती आणि तिला एकटीला सोडून पुढे न जाणारा तिचा भाऊ होता.

आणि आता तर माझ्याखाली तीही नाहीत. मला चर्चच्या आत, दाराजवळ, एका ओट्यावर ठेवलं आहे. ती दोघं बाहेर, भिंतीपलीकडे राहिली. त्यांच्यावरून आता फरसबंदी वाट जाते. रविवारी तिथे लोक सायकली लावतात. घर एकीकडे आणि घरातली माणसं एकीकडे, अशी आमची अवस्था आहे.

मागच्या वसंतात शाळेची मुलं आली होती. डोरीन नावाच्या एक वयस्कर बाई येणाऱ्याजाणाऱ्यांना चर्च दाखवतात. स्वभावाने फार चांगल्या आहेत, माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसतात. त्या मुलांना सरदाराची गोष्ट रंगवून सांगत होत्या. मुलं जांभया देत होती. एक लहान मुलगी मात्र माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने अस्वलाच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"याच्या तोंडाला काय बांधलंय?"

"मुसकं आहे ते, बाळा. चावू नये म्हणून."

"दगडाचं कसं चावेल?"

मुलं हसली. डोरीनबाईही हसल्या. "फार रानटी होती गं तेव्हाची माणसं. दगडाचीसुद्धा भीती वाटायची त्यांना."

मुलगी हसली नाही. ती माझ्या कडेने बसल्याबसल्याच सरकत दुसऱ्या टोकाला आली. तिथे तिने तुटक्या कडेवर पालथा हात ठेवला आणि मान वर करून विचारलं, "आणि इकडचं कुठे गेलं?"

मित्रांनो, मी सगळा जीव कानात आणला. तिने तोंड वर केलं होतं ना, तेव्हा मला दिसलं. तिचे समोरचे दात पडलेले होते.

"इकडचं?" डोरीनबाईंनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर त्याबद्दल काही नव्हतं. "इकडे नव्हतंच काही, बाळा. एकच होतं. चला, चला, रांग करा, बस थांबलीय."

मुलीने हात काढून घेतला. रांग गेली. दार लागलं.

तेव्हापासून माझा धीर सुटला आहे. आधी निदान एवढं तरी होतं की माझ्याखाली, चुकीचं का होईना, कुणीतरी आहे असं लोक समजत होते. आता आसा नव्हतीच, असं झालं. तिच्या आईने रोज हाक मारलेली आसा. मी दगड आहे, मला मरण नाही, आणि हे ऐकत इथेच बसायचं आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. दगडावर विसंबू नका. आपल्या घरातलं गेलेलं माणूस सगळ्यांना ठाऊकच आहे, असं म्हणून गप्प बसू नका. त्याचं नाव तोंडाने घ्या, मुलांना घ्यायला लावा, आणि दोन नावं असतील तर घाईत त्यांचं एक करू नका. समोरच्याला आपलं बोलणं कळलं का, हे पुन्हा एकदा विचारा. त्याने नुसती मान हलवली तर आणखी एकदा विचारा.

माझ्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही. पण कधी स्वेल नदीच्या बाजूला आलात आणि दाराजवळचा हा ओटा दिसला, तर पाटी वाचू नका. डाव्या बाजूला जा, मुसकं बांधलेल्या त्या डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा, ओर्म. मग उजव्या बाजूला या. तिथे काही नाही असं तुम्हाला कुणी सांगेल. सांगू देत. तिथे होती. तिचं नाव आसा होतं, नाक आईसारखं बसकं होतं, आणि हसताना ती दातांच्या खिंडीतून जीभ बाहेर काढत असे.